कोंडाआक्काचं नरसाळं

रेल्वेच्या इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण वाळू लागते हे किती जणांना ठाऊक आहे? मला तरी नव्हतं. मी शिरूरची. आमच्या शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीची वाळू आम्ही भांडी घासायला आणायचो, नाहीतर कुणाचं घर बांधायचं निघालं की बैलगाड्या भरून यायची. वाळूचं माझं ज्ञान एवढंच. मग मालकांना दौंडला क्वार्टर मिळालं आणि दोन पोरं, एक पेटी नि चुलीवरची भांडी घेऊन मी तिथं राहायला आले. साल नेमकं आठवत नाही, पण सत्तरच्या नंतरचं. थोरला तेव्हा पहिलीत होता.

मालक ड्रायव्हर. वाफेच्या इंजिनावर. त्यांचा डबा मी शेडमध्ये पोचवायची. शेड म्हणजे इंजिनांचा गोठाच. धूर, वाफ, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. त्या गोठ्याच्या एका कडेला पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत कायम भट्टी पेटलेली असायची. भट्टीवर खाटेएवढा लोखंडी तवा, तव्यावर वाळू, आणि वाळूत फावडं चालवणारी एक बाई. अंगावर नऊवारी लुगडं आणि त्यावर पुरुषाचा काळा रेल्वेचा कोट. डोक्याला फडकं. भुवया आणि पापण्या वाळूच्या धुळीनं पांढऱ्या. मला वाटलं म्हातारी आहे. जवळ गेल्यावर कळलं, चाळिशीचीसुद्धा नसेल.

ही कोंडाआक्का.

"एवढी वाळू कशाला हो? आग लागली तर विझवायला का?" मी विचारलं.

ती हसली नाही. तिला न हसता टोमणा मारता यायचा, ते मला पुढं कळलं.

"आग इझवाया न्हवं बाई. गाडी चालवाया. वल्ल्या फरशीवर पळून बघितलंय का कवा? पाय सटकतो का न्हाई? मग तितं राख टाकायची आन् पळायचं. तसंच हाय हे."

मग तिनं समजावलं. पावसानं, दवानं रूळ ओला झाला की इंजिनाचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं. गाडी लांब असली, चढ असला, तर ती तसूभर सरकत नाही. अशा वेळी ड्रायव्हर एक दांडी ओढतो, इंजिनाच्या पोटातल्या डब्यातून नळीवाटे वाळू चाकाच्या पुढ्यात रुळावर पडते, आणि चाक पकड घेतं. दौंडला लांबच्या गाड्यांचं तोंड फिरायचं. पुण्याकडून आलेलं इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला ताजं इंजिन लागायचं आणि गाडी भीमेचा पूल ओलांडून नगरच्या चढाला निघायची. ती चढावर टिकणार की नाही, ते या बाईच्या तव्यावर ठरायचं.

"चा घे," ती म्हणाली. भट्टीच्या कडेला ॲल्युमिनियमचं पातेलं उकळत होतं.

मी म्हणाले, "मी चहा पीत नाही."

"व्हय," ती फावडं न थांबवता म्हणाली, "क्वार्टरातल्या कुणीच बाया चा पीत न्हाईत. लई चांगली सवय हाय."

ती मांडवगण फराट्याची, तिथल्या बौद्धवाड्यातली. आणि मी घरी जाऊन पहिलं काय केलं असेल तर चहा टाकला. लपवून काय करू? तशीच होते मी.

तिच्याजवळ एक नरसाळं होतं. राकेल ओतायचं असतं तसलं पत्र्याचं, काठाला दबलेलं. राखेनं घासून घासून तिनं त्याचा वास घालवला होता. वाळू भाजून झाली की एक मूठ घ्यायची, नरसाळ्याच्या तोंडाला खालून बोट लावायचं, वरून वाळू भरायची, पाचपर्यंत मोजायचं आणि बोट काढायचं. वाळू सरसर एका धारेनं खाली आली तर ती पास. मधे अडली, नुसती अडखळली तरी सगळं घमेलं परत तव्यावर.

हातानं कळतं की, मी एकदा म्हणाले. गरम आहे म्हणजे कोरडी आहे.

"वाळू लबाड असती. वरनं तापती, आत वल्लीच. हात फसतो, नरसाळं फसत न्हाई." मग बोट वर करून तिनं मला दटावलं, "पण एक हाय. टिचकी मारायची न्हाई. अडली म्हणून नरसाळ्याला टिचकी मारली की वल्ली वाळूबी पडती. हितं टिचकी माराया आपण हाय. चढावर इंजानाच्या नळीला कोण मारनार?"

हे वाक्य ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची. इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन लोक तिच्या पाठीमागं तिची नक्कल करायचे, बोट वर करून, "टिचकी मारायची न्हाई." पण वाळू न्यायला आले की तिच्यासमोर नरसाळ्यातली धार संपेपर्यंत गप उभे राहायचे.

आमच्या मालकांचं आणि तिचं सुरुवातीला पटायचं नाही. बाईनं भाजलेल्या वाळूवर गाडी न्यायची म्हणजे काय, असा त्यांचा तोरा. एका धुक्याच्या सकाळी ते स्वतः खोलीत आले आणि तव्याशेजारचं घमेलं उचलायला वाकले. आक्का म्हणाली, "त्यो घाना कच्चा हाय." मालक म्हणाले, "बघतो मी कच्चा का पक्का." तर ही बाई सरळ त्या घमेल्यावर जाऊन बसली. गरम वाळूचं घमेलं! वर कोटाचं टोक खाली ओढून घेतलं एवढंच. बाहेर इंजिन शिट्ट्या मारतंय, फोरमन धावत आला, "ए भडभुंजे, ऊठ! गाडी लेट होतीय."

"साहेब, भडभुंजीच म्हना. फुटानं कच्चं राह्यलं तर खानाऱ्याचं पोट दुखतं. वाळू कच्ची राह्यली तर काय व्हतं ते ह्या ड्रायव्हरसायबांस्नी इचारा. माहीत असूनबी नेत्यात."

उठली ती नाहीच. तिनं दुसरा घाणा होईपर्यंत सगळ्यांना उभं केलं. संध्याकाळी मालक घरी आले, जेवता जेवता एकदम म्हणाले, "चाक कुठंच घसरलं नाही आज." त्या दिवसापासून ते तिला आक्का म्हणू लागले.

फोरमनच्या त्या शिवीची तिनं वेगळीच गंमत केली. राहू गावचा एक दत्तू नावाचा फायरमन होता, आमच्या मालकांच्याच इंजिनावर. पंचवीस-सव्वीसचा, नवीन लग्न झालेला, बोलण्यात पटाईत. तो खिशातून मूठभर हरभरे आणायचा. "आक्का, भडभुंजी म्हनत्यात तर फुटानं तरी खाऊ घाल." ती आधी झापायची, "ही गाडीची वाळू हाय." मग घाणा पास झाला की तव्याच्या कोपऱ्यात उरलेल्या वाळूत त्याचे हरभरे टाकायची. फुटाणे फुटायला लागले की मात्र तिच्या त्या पांढऱ्या पापण्यांखाली हसू यायचं. दत्तू अर्धे तिथंच खायचा आणि अर्धे रुमालात बांधून घरी शांतासाठी न्यायचा. शांता आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये. तिला दिवस गेले होते आणि त्या फुटाण्यांवाचून तिला काही गोड लागायचं नाही.

आक्काच्या कोटाबद्दल मी बरेच दिवस विचारलं नाही. तो तिच्या नवऱ्याचा, हे सगळ्यांना माहीत होतं. नवरा रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होता. डबे जोडताना दोन डब्यांच्या मधे सापडून गेला. एका दुपारी मी डबा देऊन परत निघाले तर तिनं हाक मारली, "शिरूरवाली, तुला वाचता येतं म्हनं?"

"चौथी झालीय."

तिनं कोटाच्या आतल्या खिशातून तंबाखूचा डबा काढला. त्यात तंबाखू नव्हती, घडी घालून घालून घडीवर फाटलेला एक सरकारी कागद होता. हिंदीत टाइप केलेला. मी अडखळत वाचलं. नाव, हुद्दा, जागा. आणि शेवटाकडं एक ओळ: मृतक की अपनी असावधानी के कारण.

"काय म्हंजी?"

"म्हणजे… त्यांच्याच चुकीनं झालं."

"ते मला ठावं हाय. धा जनांनी वाचून दावलंय." तिनं हाताची धूळ लुगड्याला पुसली. "मला फकस्त ती ओळ दाव. कुटं हाय ती? बोट ठेव."

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोट फिरवत गेली, परत सुरुवातीला आली, परत गेली. अक्षरओळख नसलेली बाई जन्मात एक ओळ ओळखायला शिकली असेल तर ती ही.

"त्या दिसी शिट्टी न वाजवता इंजान ढकललं व्हतं," ती म्हणाली. "वाजवनारा बोलला न्हाई. बघनारं दोघं व्हतं, त्येबी बोललं न्हाईत. मानूस मेला, तो काय सांगनार? ही एक ओळ हाय ना, हिच्यापायी मी तीन साल हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या तवा कुटं ही भट्टी मिळाली. पोरगी तवर गेली माझी. तापानं."

भट्टीच्या कडेला पातेलं उकळत होतं. मी म्हणाले, "आक्का, चहा दे मला."

तिनं दिला. टोमणा मारला नाही.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसले, त्या दिवसाकडं येते. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले ते काही उगीच नाही. तिथं जायला पाय उचलत नाही.

पौष महिना होता. हिवाळ्यात आमच्याकडं कधीमधी असं आभाळ उठतं की आषाढ बरा म्हणावा. सकाळपासून अंधारून आलेलं. दहाच्या सुमाराला वारा सुटला, मग पाऊस, मग गारा. बोराएवढ्या गारा. मी डबा घेऊन शेडला पोचले आणि आक्काच्या खोलीतच अडकले. खोलीवरचा एक पत्रा वाऱ्यानं उचलला गेला होता आणि पाण्याची धार थेट वाळूच्या ढिगावर पडत होती. भट्टीचा कोळसा भिजून नुसता धुमसत होता. आक्का एका हातानं ताडपत्री धरून दुसऱ्या हातानं फुंकणी फुंकत होती. मी डबा खाली ठेवला आणि ताडपत्रीचं टोक धरलं.

सकाळच्या दोन इंजिनांनी कोरडी वाळू सगळी नेली होती. दुपारची पॅसेंजर फलाटावर लागली होती. चांगली लांबलचक गाडी, डबे माणसांनी ठासलेले, दोन तास आधीच लेट. इंजिन आमच्या मालकांचं. पाऊस असा की वाळूवाचून चढावर निभाव लागणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. फोरमनचा माणूस तीनदा येऊन ओरडून गेला.

पहिला घाणा झाला. आक्कानं नरसाळं भरलं, बोट काढलं. वाळू हललीच नाही. परत तव्यावर.

दुसरा घाणा. चार दाणे पडले, थांबले. परत तव्यावर.

तिसऱ्या घाण्याला दत्तू दारात येऊन उभा. कपाळावरनं पाणी गळतंय, हातात रिकामं घमेलं. त्याच्या मागं मालक. आक्कानं बोट काढलं. धार लागली. चांगली निम्म्यापर्यंत आली, आणि अडली.

"पडतीया की आक्का," दत्तू म्हणाला.

"आक्का, सिग्नल पडलाय," मालक म्हणाले. "आता आणखी किती वेळ?"

आक्कानं मालकांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, नुसती नरसाळ्याकडं बघत राहिली. वरून पाण्याचा एक थेंब तव्यावर पडून चर्र झाला. तिचं बोट वर आलं.

टिच्.

उरलेली वाळू भसकन खाली पडली.

"न्या," ती म्हणाली.

दत्तूनं घमेलं भरून वर पोतं झाकलं आणि पावसात पळाला. जाताना ओरडला, "उद्या हरबरं आनतो!" आक्का नरसाळं हातात धरून तशीच उभी. मी म्हणाले, "आक्का, बस आता घटकाभर." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. शेवटचा डबा पुलाकडं जाऊन दिसेनासा झाला तरी ती दारातून हलली नाही.

पुढचं मी नंतर ऐकलं. चढावर चाक घसरायला लागलं. मालकांनी दांडी ओढली तर एका बाजूची वाळू पडेना. नळीत वाळूचा बोळा झाला होता. गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. उभी राहिली असती तर त्या चढावर परत निघाली नसती, पूर्ण गाडी माघारी आणावी लागली असती. दत्तू हातोडी घेऊन खाली उतरला. इंजिनाच्या बरोबर चालत चालत त्यानं नळीला ठोकलं. एकदा ठोकलं, वाळू पडली. पुन्हा अडली. पुन्हा ठोकायला वाकला, आणि खडीवरच्या गारांवरून पाय घसरून चाकाखाली गेला.

दिवे लागायच्या आत त्याला मालगाडीतून दौंडला आणलं. शांताला धरायला आम्ही चार बाया होतो, तरी ती आवरेना.

मालक घरी आले ते दाराच्या पायरीवरच बसले. आत येईनात. मी पंचा दिला, तो त्यांनी तसाच हातात धरला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीच म्हणालो त्याला, उतर."

एवढंच. तेव्हा एकदा बोलले, पुन्हा जन्मात नाही.

आठ दिवसांनी बाहेरून मोठे साहेब चौकशीला आले. फोरमनच्या ऑफिसात टेबल मांडलं. मी शांताला घेऊन व्हरांड्यात बसले होते. तिचं अंग जड झालेलं, पाचवा का सहावा महिना. आत मालकांची जबानी झाली, इंजिनावरच्या दुसऱ्या फायरमनची झाली, फोरमनची झाली. साहेब कागद गोळा करायला लागले तेवढ्यात काळा कोट घातलेली आक्का वाळूभरल्या पायांनी सरळ आत गेली.

"हिला कुणी बोलावलं?" साहेबांनी विचारलं.

"कुनी न्हाई, सायेब. वाळूचं कुनी इचारलंच न्हाई, म्हनून आले. वाळू माजी व्हती. कच्ची व्हती. नरसाळ्यात अडली, मी टिचकी मारून पाडली. पोरगं उतरलं ते त्याच्यापायी."

फोरमन उठला, "साहेब, अडाणी बाई आहे…"

"आडानी हाय म्हनून तर म्हनते, लिव्हा."

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, पावसात वाळू थोडी दमट राहणारच. कशाला अंगावर घेतेस? हे लिहिलं तर तुला इथून काढावं लागेल."

"काढा. पर ह्यो कागद त्या पोरीच्या डब्यात जानार हाय. त्यात ती ओळ नगं."

"कुठली ओळ?"

आक्कानं तंबाखूचा डबा टेबलावर ठेवला, कागद उलगडला आणि त्यावर बोट ठेवलं. बरोबर त्या ओळीवर. एक अक्षर इकडं नाही, एक अक्षर तिकडं नाही. साहेबांनी वाचलं. मग त्यांनी तिची जबानी लिहून घेतली.

"आता ही बाई वाचंल," आक्का म्हणाली आणि दाराकडं वळून मला हाक मारली. "शिरूरवाली, ये. वरपासून वाच."

मी आत गेले. कागद हातात घेतला. वरपासून म्हणजे आधी मालकांची जबानी होती. फायरमन अपनी मर्ज़ी से नीचे उतरा. मी ते वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट वाचलं. मालक समोरच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या बिल्ल्याकडं बघत होते. दारात शांता उभी होती. मला वाटलं, माझी जीभ आता तिथंच थांबेल, मी म्हणेन की हे खोटं आहे. माझी जीभ थांबली नाही. घरात दोन पोरं होती. मी पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, आणि खाली आक्काचं सगळं वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला. माझ्याकडं एकदा बघितलं. तिला कळलं होतं का? आज इतकी वर्षं झाली, त्या नजरेचा अर्थ मी लावत बसते.

दत्तूच्या कागदात ती ओळ आली नाही. शांताचं बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिला कामावर घेतलं. आक्काला वाळूवरून काढून राखेवर टाकलं. इंजिन बाहेरून आलं की खड्ड्यावर उभं करून त्याची राख खाली पाडायची, आणि खड्ड्यात उतरून ती गरम राख उपसायची, हे ते काम. पुरुष टाळायचे ते. आणि वाळूच्या भट्टीवर कोण? शांता. नरसाळं तिथंच खुंटीला टांगलेलं होतं. आक्कानं ते नेलं नव्हतं.

शांता आक्काशी बोलायची नाही. का बोलावं? हिच्याच तोंडून तिनं ऐकलं होतं की तुझा नवरा माझ्यामुळं गेला. आक्का रोज सकाळी भट्टीवरून जायची, दारापाशी पाऊल हळू करायची, आणि खड्ड्याकडं निघून जायची. खोकला लागला होता तिला. आधी वाळूची धूळ, आता राख. मी चहा घेऊन जायची तर खड्ड्याच्या काठावर बसून प्यायची. मी एकदा म्हणाले, "आक्का, सगळी चूक तुझी नव्हती." ती म्हणाली, "टिचकी माजीच व्हती की." आणि कप परत दिला.

मालक त्यानंतर प्रत्येक फेरीआधी वाळूच्या खोलीच्या दारात जाऊन धार संपेपर्यंत उभे राहायचे. शांता त्यांना आप्पा म्हणायची. सणाला आमच्याकडं जेवायला यायची. माझ्या हातचं जेवायची.

तीन हिवाळे असे गेले. मग मालकांची बदली निघाली. सामान बांधून झालं आणि निघायच्या दिवशी सकाळी मी शेडला गेले. मनाशी ठरवून गेले की आज शांताला सांगायचं. दत्तू आपल्या मर्जीनं उतरला नव्हता, त्याला उतरायला कुणी सांगितलं ते सांगायचं. निघून तर जाणारच आहोत. मग ती काय म्हणायचं ते म्हणू दे.

पुन्हा तसलंच हिवाळ्यातलं आभाळ होतं. बारीक पाऊस आणि हाडात शिरणारा वारा. फलाटावर गाडी लागलेली, इंजिन शिट्ट्या देतंय, आणि फोरमन, तोच जुना, भट्टीच्या दारात उभा राहून शांतावर ओरडतोय, "अगं, दे की! किती वेळ?"

शांता खोलीतून बाहेर आली. एका हातात नरसाळं, दुसऱ्या हाताची मूठ वाळूनं भरलेली, वर पदराचं टोक. फोरमनला ओलांडून ती सरळ राखेच्या खड्ड्याकडं चालत गेली. मी नळकोंडाळ्यापाशी होते, जिथल्या तिथं थांबले.

आक्का खड्ड्यात कंबरेपर्यंत उभी होती. कोट, चेहरा, हात, सगळं राखेचं. शांता काठावर उकिडवी बसली. नरसाळ्याला खालून बोट लावलं, वाळू भरली, आक्काच्या डोळ्यांसमोर धरलं आणि बोट काढलं. थोडी धार पडली. मग अडली.

दोघी बघत राहिल्या. मागून फोरमनचं ओरडणं, पुढून इंजिनाची शिट्टी. शांताचं बोट वर आलं.

आक्कानं खड्ड्यातून हात वर करून तिचं मनगट धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. राखेची पाची बोटं तिच्या मनगटावर उठली. शांतानं हात सोडवून घेतला नाही. मग ती उठली, फोरमनच्या अंगावरून आत गेली आणि सगळं घमेलं परत तव्यावर ओतल्याचा आवाज मला नळकोंडाळ्यापर्यंत ऐकू आला.

आक्का खाली वाकली आणि फावडं चालवायला लागली. तिला मी पाहिलं ते तेवढंच, वाकलेली पाठ आणि काळा कोट.

मी शांताला न भेटता, काही न सांगता परतले.

गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटली.